साक्षगंधासाठी बसवलेले दात

माझ्या वरच्या पुढच्या दाताला एक खाच होती. जन्माची नव्हती, कमाईची होती. लग्न होऊन वर्ध्याजवळ नालवाडीत आले तेव्हापासून मी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. हूक लावून झाला, फॉल टाचून झाला की उरलेला धागा दाताखाली धरायचा आणि मान झटकायची. हे मला कुणी शिकवलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बहुतेक बाया असंच करतात. कात्री नेमकी हवी तेव्हा कापडाच्या ढिगाखाली गेलेली असते आणि दात बिचारे जागच्या जागी असतात. त्या रोजच्या धाग्याने दाताच्या कडेला आधी चीर पडली, मग चिरेची खाच झाली, आणि शेजारच्या दाताचा कोपराही झिजला. त्यात माझे दात मुळातच पिवळट, एकमेकांच्या अंगावर रेललेले.

मी हे कधी कुणाजवळ बोलले नाही. तोंड मिटून हसायला तेवढं शिकले. गिऱ्हाईक बाया चावट गोष्टी सांगायला लागल्या की मी पटकन ओठांत टाचण्या धरायचे. टाचण्या धरलेल्या बाईला कुणी ‘हास ना’ म्हणत नाही. लग्नाकार्यातल्या फोटोंत मी कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखी दिसते, असं आमचे हे म्हणतात. त्यांचं काय जातं म्हणायला!

मुलासाठी मुलगी पाहायला आम्ही आष्टीला गेलो, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. मुलगी तिथल्याच एका शाळेत शिकवत होती. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, सगळ्यांना कप दिले आणि माझ्यासमोरच बसली. माझं लक्ष तिच्या ओढणीच्या काठाकडे गेलं. हाताची तुरपाई होती, टाके बारीक आणि एका ओळीत. ‘कोनं केली?’ मी विचारलं. ‘मीच,’ ती म्हणाली. मला ती तिथल्या तिथे आवडली. आजकालच्या पोरींना बटण लावता येत नाही, आणि ही ओढणी तुरपते! वाटलं, उठून पाठ थोपटावी. पण खिडकीतून येणारं ऊन थेट माझ्या तोंडावर पडलं होतं, तिच्या भावाने मोबाइल उभा धरला होता, आणि खोलीभर माणसं माझ्याकडे पाहत होती. मी ओठ घट्ट मिटून मान हलवली. झालं.

हे स्थळ आमच्या ह्यांच्या मामेभावाने आणलं होतं. काही दिवसांनी तो घरी आला, पाणी प्याला आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसला. ‘वैनी, होकार हाय त्यायचा. पन पोरगी गुमसुम झाली म्हनते. तिची माय म्हने, सासूबाई लय कडक दिसते, हासतच नाई. पोरगी भेते तुमाले.’

मी मशीन थांबवलं. कडक? मी? दिवसभर बायांच्या गप्पा ऐकून पोट धरून हसणारी बाई कडक?

मला राग आला आणि त्यापाठोपाठ भीती वाटली. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंची चाहूल लागली की माझ्या हातातली सुई थांबायची. त्या कधी मारायच्या नाहीत, शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त पाहायच्या. त्यांना मी आवडते की नाही, हे मला त्या गेल्या तरी कळलं नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरले. आपल्याकडे सून येईल ती अशी येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. आणि मुलगी आष्टीतच माझ्या नावाने घाबरून बसली होती.

‘सांगून टाक ना तिले, दात खराब हायेत म्हून हासत नाई,’ आमचे हे म्हणाले.

‘वा! होणाऱ्या सुनेले पह्यली गोष्ट हेच सांगू काय?’

‘मंग हास ना दात दाखवून.’

या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. मी मोबाइल उघडला. त्यात दातांच्या दवाखान्यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो असतात. ‘आधी’ची बाई माझ्यासारखी, ‘नंतर’ची बाई मोत्यासारखी. व्हेनिअर हा शब्द मी तिथेच शिकले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन-अडीच महिन्यांवर होतं. मनाशी ठरवलं, त्या दिवशी त्या पोरीसमोर तोंडभर हसायचं.

वर्ध्याला ज्या दातांच्या डॉक्टरकडे गेले ती माझ्या मुलाच्या वयाची होती. तिने आरसा घालून सगळं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘काकू, तुम्ही शिवणकाम करता का?’ मला चोरी पकडल्यासारखं झालं. तिने सांगितलं की नुसती खाच भरून देता येईल, त्याला दात फारसा घासावा लागत नाही. व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची चिनीमातीची चकती, नखाएवढी पातळ. ती बसायला दाताचा वरचा थर थोडा उतरवावा लागतो. ‘आणि एकदा उतरवला की तो परत येत नाही, काकू. मग कायम त्यावर काहीतरी बसवून राहावं लागतं. नीट विचार करा. आणि धागा तोडणं बंद. कायमचं. नाहीतर चकती तुटेल.’

मी म्हटलं, ‘खाच भरली तं पिवळे ते पिवळेच राहीन ना?’

‘तो तुमच्या दातांचा रंग आहे. त्यात वाईट काही नाही.’

तिला काय माहीत! मी चार दातांना व्हेनिअर करायला होकार दिला.

पण रंग निवडायला गेलो तेव्हा मी एक चूक केली. आमच्याकडे साडी घ्यायची तर चार माणसं लागतात, तसं मी आमच्या ह्यांना आणि मामेभावाच्या बायकोला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी नमुन्याच्या दातांची पट्टी काढली. त्यात पांढऱ्याच्या इतक्या छटा होत्या की डोकं फिरलं. मामेभावाच्या बायकोने ती पट्टी सरळ हातात घेतली आणि दवाखान्यातल्या ट्यूबलाइटवर भरवसा नको म्हणून बाहेर रस्त्यावर उन्हात नेली. तिच्या मागे आमचे हे. त्यांच्या मागे मी, गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल बांधलेली. ‘हा मळका दिसते,’ ‘हा उठून दिसते,’ असं चाललं होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानेही मत दिलं. डॉक्टरबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या की खालच्या दातांशी जुळेल असाच रंग घ्या. पण रस्त्यावरच्या बहुमताने त्याहून बराच उजळ रंग ठरला, आणि मीही मुंडी हलवली. एवढं करायचं तर दिसलं तर पाहिजे, असा माझा हिशेब.

दात घासायच्या दिवशी मी खुर्चीच्या दांड्या इतक्या घट्ट धरल्या की बोटं वाकडी झाली. इंजेक्शनने ओठ बधिर झाला होता, दुखत काहीच नव्हतं, पण तो आवाज डोक्याच्या आत होत होता आणि जळल्यासारखा वास येत होता. माझंच काहीतरी भुगा होऊन उडतंय आणि ते परत मिळणार नाही, एवढंच मनात येत होतं. मध्येच ‘थांबा’ म्हणावं असं वाटलं. पण तोवर एक दात झाला होता. एका दातावर थांबून कुठे जाणार?

मग त्यांनी माप घेतलं. ब्लाऊजचं घेतो तसंच, फक्त गुलाबी लगदा तोंडात भरून. पक्के दात तयार होऊन येईपर्यंत तात्पुरते बसवून दिले आणि बजावलं, जपून.

ते दिवस फार वाईट गेले. जीभ सारखी तिथेच जायची. थंड पाणी लागलं की कळ मेंदूपर्यंत. भाकरीचा तुकडा मी मागच्या दाढांकडे सरकवून चावायचे. शेतावरून हुरडा आला तर मी दारात उभी राहून इतरांना खाताना पाहिलं. आणि सगळ्यात मोठा शत्रू माझा स्वतःचा हात. लग्नसराई होती, ब्लाऊजांचा ढीग पडलेला. हूक लावला की हात आपोआप तोंडाकडे यायचा. मला कळायच्या आधी धागा ओठांत. मी किंचाळून थांबायचे. शेवटी छोटा धागा-कटर नाडीने गळ्यात अडकवला आणि शिवताना तोंडाला मास्क बांधून बसू लागले. गिऱ्हाईक बाया विचारायच्या, ‘काऊन व, बिमार हाय काय?’ मी सर्दी झाली म्हणून सांगायचे. इतकी लांबलेली सर्दी कुणाला खरी वाटली असेल देव जाणे.

मुलीचा साक्षगंधाचा ब्लाऊज मी याच दिवसांत शिवला. आमच्याकडे साक्षगंधाला मुलाकडून साडी-ब्लाऊज जातो, मुलगी आत जाऊन तो नेसून येते आणि मग अंगठी घालतात. तो ब्लाऊज दुसऱ्या कुणाकडे देणं शक्यच नव्हतं. मापासाठी मी तिचा एक ब्लाऊज मागवला, तो मामेभावाने आणून दिला. मी जीव ओतून शिवला. अस्तर लावलं, मुंढ्याला आणि कडेला दुहेरी पक्की शिलाई मारली, आत नेहमीसारखं, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, जास्तीचं कापड ठेवलं. वाटलं, निदान हा ब्लाऊज तरी तिला सांगेल की सासू काही वाईट नाही.

पक्के दात बसले आणि डॉक्टरबाईंनी आरसा हातात दिला. चार दात सरळ, एकसारखे, आणि पांढरेशुभ्र. बाकीचे माझे जुने. नव्या घराला जुनं कुंपण असावं तसं ते दिसत होतं. मी घरी येऊन हसून पाहिलं. आमचे हे म्हणाले, ‘चांगले हायेत,’ आणि थोडं थांबून, ‘लय चांगले हायेत.’ मला रडू फुटलं. ते घाबरले बिचारे, आणि चहा करायला गेले.

आता मी हसायला मोकळी झाले, असं तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. पूर्वी मी खाच दिसू नये म्हणून तोंड मिटायचे. आता चकती निसटू नये, पांढरेपणा दिसू नये, कुणी ‘नवे बसवले का?’ विचारू नये, म्हणून मिटायला लागले. ‘फ’ म्हणताना हवा सुटते असं मला वाटायचं. वरणात दात सापडल्याचं स्वप्न पडायचं.

साक्षगंधाच्या दिवशी आष्टीच्या त्या हॉलमध्ये मी अशीच बसले होते. ताठ. पेढा दिला तो हातातच धरला. मुलगी मंचावर आली, माझ्या पाया पडली, आणि मी ठरवल्याप्रमाणे हसायला गेले. पण समोर कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि ओठ आपले आपण मिटले. तिने वर पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि तिची नजर खाली गेली. मी ते पाहिलं. सगळं वाया गेलं.

साडी घेऊन ती आत गेली. बराच वेळ झाला तरी येईना. मग तिची काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘जरा आत येता काय? ब्लाऊज जाऊन नाई राह्यला.’

आतल्या खोलीत ती अंगाभोवती साडी गुंडाळून उभी होती, एक हात बाहीत, दुसरा बाहेर. मुंढा दंडावर अडकला होता. मी पाहताच समजले. शिवताना माझं काही चुकलं नव्हतं, मापच जुनं होतं.

‘हा मापाचा ब्लाऊज कवाचा हाय?’ मी विचारलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला.

‘कॉलेजातला,’ ती म्हणाली. ‘घाईत तोच हाती लागला, अन् तुमच्याकडचे काका घेऊन गेले. मंग तंग होईन म्हून सांगाचं होतं. पन तुमाले फोन कराची हिंमत नाई झाली.’

तिच्या काकूला मी कात्री आणायला पिटाळलं. ती पाहुण्यांत कुठे हरवली कोण जाणे. माझा कटर पर्समध्ये, पर्स बाहेर आमच्या ह्यांच्या मांडीवर. मी दाराकडे वळले तर मुलीने माझा पदर धरला. ‘काकू, बाहेर नका ना सांगू. समदे म्हनतीन, पह्यल्याच दिवशी चूक केली.’

बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं, झालं का म्हणून. मी ब्लाऊज तिच्या अंगातून काढून उलटा केला, तिच्या केसांतली पिन घेऊन कडेची शिलाई उचलली. टाका वर आला पण तुटेना. माझीच दुहेरी शिलाई, माझाच मजबूत धागा. पिन वाकली. दार पुन्हा वाजलं. मी शिवण तोंडाकडे नेली आणि मान झटकली.

टक् असा आवाज झाला. धागा तुटला होता, आणि जिभेवर खड्यासारखं काहीतरी आलं. मी ते तळहातावर घेतलं. पांढरा, चमकदार तुकडा.

मुलीचे डोळे विस्फारले. ‘काकू! दात! रक्त येऊन राह्यलं काय?’

‘नाई येत. नकली हाय तो.’

‘नकली?’

‘चार नकली हायेत. तुह्यासाठीच बसवले,’ मी म्हटलं. हे मी प्रेमाने बोलले नाही, मला भयंकर राग आला होता. दातांवर, धाग्यावर, दार वाजवणाऱ्यावर. ‘तू भेते म्हने मले. हासत नाई म्हून. अव, दाताले खाच होती माह्या, पिवळे होते, लाज वाटे, म्हून नव्हती हासत! आता चांगले बसवले तं ते तुटतीन म्हून हासता येत नाई. का करू मी?’

ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

‘मले वाटलं, मी नाई आवडली तुमाले. माह्या रंगामुळं.’

पार्लरवालीने तिच्या चेहऱ्याला पांढरट थर दिला होता. त्याच्या खाली मानेचा रंग तिचा स्वतःचा, सावळा, नितळ. मी तो तोवर नीट पाहिलाही नव्हता.

‘तवापासून क्रीम लावून राह्यली मी,’ ती म्हणाली. ‘रोज. मायनं आणून देल्ली. गालाची आग होते, पन लावते.’

मला काय वाटलं ते कसं सांगू? मी इतके दिवस वर्ध्याला खुर्चीत बसून माझे दात घासून घेत होते, आणि त्याच दिवसांत ही पोरगी आष्टीला आरशासमोर उभी राहून स्वतःच्या गालांची आग करून घेत होती. कारण एका बाईने तोंड उघडलं नाही. मला सासूबाई आठवल्या. त्यांचंही असंच काहीतरी असेल का, हा विचार पहिल्यांदा मनात आला आणि मी तो लगेच ढकलून दिला, कारण त्या वेळी मला खचून चालणार नव्हतं.

मी तिची हनुवटी धरली. बोटाला पावडर लागली. माझा तुटका दात, उरलेले तीन पांढरे आणि बाकीचे पिवळे, सगळे तिला जवळून दिसत असणार. मी म्हटलं, ‘पोरी, तू मले पह्यल्याच दिवशी आवडली. तुही तुरपाई पाह्यली तवाच.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. आतापर्यंत माझ्यासमोर मान वर न केलेली ती मुलगी सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘मंग तवाच काऊन नाई सांगतलं?’

मी उरलेली शिवण उसवायला घेतली.